दहा किलो, दहा आठवडे आणि अकरा केळवणं

प्रश्न : ताई, माझं वय 26, उंची पाच फूट दोन इंच, वजन 64 किलो. मेमध्ये लग्न आहे, म्हणजे हातात दहा आठवडे. साखरपुड्याला होणाऱ्या सासूबाई हसत हसत म्हणाल्या, "शालूत जरा बारीक दिसायला हवीस हं." तेव्हापासून रात्रीचं जेवण बंद केलंय. सकाळी जिऱ्याचं पाणी आणि मैत्रिणीने दिलेला वजन घटवायचा चहा घेते. पहिल्याच आठवड्यात अडीच किलो उतरले, आता मात्र काटा जागचा हलत नाही. दुपारी ऑफिसात डोळ्यांपुढे अंधारी येते. मध्यंतरी हिमोग्लोबिन 10.2 आलं होतं, पण गोळ्यांनी मळमळतं म्हणून त्या सोडून दिल्या. एरवी माझे चार कप चहा, बरोबर बिस्किटं आणि संध्याकाळी घरी आल्यावर फरसाण, एवढंच जास्तीचं. त्यात पुढच्या महिन्यात अकरा केळवणं ठरलीत! दहा किलो कसे कमी करू?
— एक नवरी, कऱ्हाड

उत्तर : तुला उत्तर आधीच पाठवलंय, कारण अंक छापून येईपर्यंत निम्मी केळवणं उरकली असती. अशीच पत्रं आणखी सात आली आहेत, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी गोळ्या. बाईचं हिमोग्लोबिन 12च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. तुझं 10.2 आणि वर रात्रीचा उपास, मग अंधारी येणार नाही तर काय होईल? ज्यांनी गोळ्या दिल्या त्या डॉक्टरांकडे पुन्हा जा, मळमळ होते म्हणून सांग, ते गोळी किंवा वेळ बदलून देतील. गोळीच्या मागेपुढे तासभर चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेलं पाणी चालेल. त्याच फेरीत थायरॉइडही तपासून घे.

तो वजनाचा चहा आजच टाकून दे. असल्या चहांमध्ये पुष्कळदा सोनामुखी असते. पोट साफ होतं, पाणी जातं, काटा खाली येतो. चरबी जिथल्या तिथे. तुझे अडीच किलोही बरेचसे पाण्याचेच. जेवण एकदम तोडलं की शरीर स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर वापरतं, आणि तिच्या दर ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी निघून जातं. म्हणून पहिला आठवडा झकास आणि दुसरा रडका.

आता तुझ्या दहा किलोंचा हिशेब. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. आठवड्याला किलो घटवायचा तर रोज 1,100 कमी पडल्या पाहिजेत. तुझ्यासारख्या बैठ्या कामाच्या मुलीचा दिवसाचा खर्चच 1,800च्या आसपास. उरल्या 700. तेवढ्यात लग्नाची खरेदी करून दाखव! चार-साडेचार किलो मात्र जमतील, त्याला रोजच्या 500 पुरतात. चहात दोन-दोन चमचे साखर घालत असशील तर ती निम्मी कर : 80. प्रत्येक कपाबरोबरची दोन बिस्किटं बंद : दीडशे. फरसाणाची मूठ बंद : दीडशे. संध्याकाळी प्रीतिसंगमावर जा आणि भेळेच्या गाड्याकडे न बघता चाळीस मिनिटं झपाझप चाल : आणखी दीडशे. बघ, भाकरीला हातही लावला नाही आपण.

रात्रीचं जेवण परत सुरू कर. एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ, काकडी, ताक. आठच्या आत. सकाळी दोन अंडी, अंडी खात नसशील तर मुगाचं धिरडं. प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि केसही. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. 1994 साली माझ्या लग्नाआधी महिनाभर मी काकडी आणि ताकावर काढला. लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं. अडीच महिन्यांनी, सासरी पहिल्या गौरी-गणपतीच्या आत, न्हाणीघराच्या जाळीत रोज केसांचा पुंजका अडकू लागला. सासूबाई तो काडीने काढायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. ते न बोलणं जास्त लागायचं. उपासमारीचा फटका केसांना दोन-तीन महिने उशिरा बसतो, म्हणून कुणी त्याचा संबंध डाएटशी लावत नाही.

राहिली केळवणं. अकरा जेवणं तुझं काही बिघडवत नाहीत, बिघडवतो तो आग्रह. आत्याला आणि मावशीला आदल्या दिवशी फोन कर : "पुरणपोळी करणार असशील तर गुलाबजाम नको गं, मला दोन्ही संपत नाहीत." ताटात पडल्यावर नाही म्हणता येत नाही, टाकणं तर आपल्यात पापच. म्हणून वाढायला येणाऱ्या हाताच्या आधी आपला हात ताटावर. सुरुवात कोशिंबीर आणि उसळीने, मसालेभात दोन घास, पोळी तुपासकट एक, मनापासून. दोन काकांना सांगून एकत्र केळवण करायला लाव, त्यांचाही खर्च वाचेल. शक्य तिथे दुपारचं आमंत्रण घे आणि त्या दिवशी सकाळी उपाशी राहू नकोस. उपाशी माणूस श्रीखंडापुढे टिकत नाही.

सासूबाईंचं म्हणशील तर त्या साखरपुड्यात बोलल्या, जेवायला बसल्यावर विसरल्याही असतील. तू मात्र त्यावर पंधरा दिवस उपाशी आहेस.

ब्लाउजचं माप आज देऊ नकोस, शेवटचे तीन आठवडे राहिले की दे. आणि शिंप्याला दोन्ही बाजूंना इंचभर माया ठेवायला सांग. घट्ट माप देऊन "तोवर बसेल" म्हणणाऱ्या मुलींना मुहूर्ताच्या सकाळी सेफ्टी पिना लावताना मी पाहिलंय. मायेचं कापड उसवायला दहा मिनिटं लागतात.

लग्नाच्या दिवशी मे महिन्याचा उकाडा, अंगावर शालू, डोक्यावर मुंडावळ्या. गौरीहराला बसण्याआधी वाटीभर मेतकूट-भात तूप घालून खा, घरात कुणी उपास धर म्हटलं तरी. पाण्याची बाटली करवलीच्या हातात असू दे.

आणि केळवणात कुठे आमरस असेल तर पुऱ्या सोड. रस सोडू नकोस.