अनुवादाच्या शिक्षणाआधी मुंबई विद्यापीठात फ्रेंच शिकावे का?

पुढे अनुवादाचे शिक्षण घ्यायचे असल्यास विद्यापीठात फ्रेंच शिकणे उपयोगी ठरेल का, असे आपण विचारले आहे. निश्चितच ठरेल, मात्र केवळ परीक्षेपुरता अभ्यास पुरणार नाही. विद्यापीठाच्या कलिना संकुलातील फ्रेंच विभागात शिकताना डेल्फ या फ्रेंच भाषेच्या अधिकृत प्रमाणपत्र परीक्षेची बी२ (उच्च-मध्यम) पातळी आणि त्यानंतर डाल्फ या तिच्या पुढच्या परीक्षेची सी१ (प्रगत) पातळी गाठण्याचे ध्येय ठेवावे, कारण त्याखाली मूळ मजकुरातील छटा हाती लागत नाहीत.

खरी कसोटी मराठीत उतरवताना लागते. जोराचा पाऊस पडला की फ्रेंच माणूस ‘दोरखंड कोसळत आहेत’ अशा अर्थाचे बोलतो, तिथे आपल्याला ‘मुसळधार’ हाच शब्द सुचायला हवा. फ्रेंचमध्ये पत्नी नवऱ्याला सहसा ‘त्यू’, म्हणजे ‘तू’ म्हणते. पण त्या बाईंच्या तोंडी मराठीत ‘तू’ घालायचे की ‘अहो’, हे तिचे वय, काळ आणि घर पाहूनच ठरवावे लागते, आणि हा निर्णय कोणताही शब्दकोश देत नाही. म्हणून पहिल्या वर्षापासूनच रोज एक फ्रेंच परिच्छेद मराठीत उतरवावा, आणि तितक्याच निष्ठेने चांगले मराठी गद्यही वाचावे. त्याकडे बहुतेक विद्यार्थी दुर्लक्ष करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.