आई थापा मारत नाहीये

प्रश्न: आईला डिमेन्शिया आहे, केअर होममध्ये असते. भेटायला गेलं की काहीही सांगते, काल म्हणे बँकेत जाऊन आली, मामा भेटून गेला (मामा जाऊन कितीतरी वर्षं झाली), आणि आज तर सकाळपासून कुणी खायलाच दिलं नाही. चूक दाखवली की चिडते नाहीतर रडते. हो ला हो करायला मन धजत नाही. काय करू?

उत्तर: आधी डोक्यातनं हे काढून टाका की ती मुद्दाम खोटं बोलतेय. कालचं आठवत नाही तिथे मेंदू जुन्या आठवणींचे तुकडे आणून बसवतो, तिच्यालेखी ते घडलेलंच असतं. याला कॉन्फॅब्युलेशन म्हणतात. सर्गेई कोर्साकोव या रशियन डॉक्टरने १८८०च्या दशकातच लिहून ठेवलंय, दोन महिने अंथरुणात असलेला पेशंट काल शहरात जाऊन आलो म्हणून सांगायचा.

आता बघा, "आज काय खाल्लंस, कोण आलं होतं" हे आपण प्रेमानेच विचारतो पण उत्तर आठवत नसलं की मग गोष्ट तयार होते, म्हणून असले परीक्षेचे प्रश्न बंदच करा. "हा रंग छान दिसतोय तुला" म्हणा, समोर दिसतंय त्यावर बोला.

मामाचं म्हणाल तर "अगं तो गेला ना" म्हटलं की तिला ती बातमी नव्याने कळते, दरवेळी. पण "हो, मलाही फोन आला होता त्याचा" असं पदरचं घालू नका. "मामाची आठवण येतेय का गं? लहानपणी फार भांडायचात ना?" एवढं पुरतं, ती आपणहून बोलत सुटेल.

खाल्लं नाही, दुखतंय, पैसे गेले, कुणी मारलं, हे मात्र "तिचं काय, काहीही बोलते" म्हणून सोडायचं नाही, खरंही असू शकतं. तिच्यासमोर उलटतपासणी नको, बाहेर जाऊन नर्सला विचारा, जेवणाची नोंद बघा, अंगावर वळ-बिळ आहेत का बघा. "गोळी घेतली" म्हणाली तरी चार्ट बघूनच ठरवायचं. आणि एक-दोन दिवसांतच बोलणं एकदम भरकटलं, गुंगी आली, तर ते डिमेन्शियावर ढकलू नका, लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, नवीन औषध, काहीही असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

स्टाफशीही बोलून घ्या, सकाळची मावशी "तो वारला" म्हणते आणि रात्रीची "उद्या येईल" म्हणते असं नको व्हायला.