ट्राय-कॅच लिहिलेले असूनही प्रॉमिस रिजेक्ट झाल्यावर नोडचा प्रोग्राम बंद का पडतो?

नोडवर, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीवर, चालणाऱ्या तुमच्या फंक्शनमध्ये ग्राहकाची माहिती आणि त्याच्या ऑर्डर्स यांच्यासाठीच्या दोन्ही विनंत्या सुरुवातीलाच सोडल्या आहेत, त्यांची प्रॉमिस (नंतर येणाऱ्या निकालाची ऑब्जेक्ट; काम फसले की ती रिजेक्ट होतात) दोन व्हेरिएबलमध्ये ठेवली आहेत आणि ट्राय ब्लॉकमध्ये आधी पहिल्यासाठी व मग दुसऱ्यासाठी अवेट (निकाल येईपर्यंत थांबा, ही सूचना) लिहिले आहे. कॅचमध्ये काहीही चुकलेले नाही. अडचण दोन अवेटच्या मधल्या वेळेत आहे.

ग्राहकाची माहिती यायला दोन सेकंद लागतात आणि ऑर्डर्सची विनंती अर्ध्या सेकंदातच फसते, असे धरा. त्या वेळी फंक्शन पहिल्या अवेटवर थांबलेले असते आणि दुसऱ्या अवेटची ओळ अजून चाललेलीच नसते, त्यामुळे ऑर्डर्सच्या प्रॉमिसला कोणताही हँडलर (निकाल किंवा एरर हाताळणारे फंक्शन) जोडलेला नसतो. मायक्रोटास्कची (प्रॉमिसच्या निकालानंतर लगेच करायच्या छोट्या कामांची) रांग रिकामी झाली की नोड अशी बेवारस रिजेक्शन्स शोधतो, आणि 2020 मध्ये आलेल्या 15व्या आवृत्तीपासून ती सापडल्यास एरर फेकून प्रोसेस बंद करतो. त्याआधी केवळ इशारा छापला जात असे, म्हणून जुन्या लेखांत अशा धाटणीचा कोड बिनदिक्कत दिलेला आढळतो. हा बदल मला योग्यच वाटतो, कारण अर्धवट बिघडलेल्या अवस्थेत चालू राहिलेला सर्व्हर चुकीचा डेटा लिहीत राहण्याचा धोका फार मोठा असतो.

यावर उपाय असा, की दोन्ही प्रॉमिस प्रॉमिस-डॉट-ऑलला द्यावीत आणि त्या एकाच प्रॉमिससाठी ट्रायच्या आत अवेट करावे. ऑल दोघांनाही ताबडतोब हँडलर जोडते, त्यामुळे आधी कोणतेही फसले तरी एरर तुमच्या कॅचमध्येच येते. मात्र एक रिजेक्ट झाले म्हणून दुसरी विनंती रद्द होत नाही, ती मागे चालूच राहते आणि तिचे उत्तर वाया जाते. ऑर्डर्स मिळाल्या नाहीत तरी ग्राहकाचे नाव दाखवायचे असेल, तर जावास्क्रिप्टच्या 2020 च्या प्रमाणकात आलेले ऑल-सेटल्ड वापरा. त्यात प्रत्येक प्रॉमिसचा निकाल, आणि फसले असल्यास त्याचे कारण, वेगवेगळे हाती येते.

तुमच्या दुसऱ्या फंक्शनमध्ये ट्रायच्या आत प्रॉमिस नुसतेच रिटर्न केले आहे. तिथे फंक्शन ट्रायमधून बाहेर पडल्यानंतर रिजेक्शन येते आणि ती एरर थेट बोलावणाऱ्याकडे जाते, म्हणून तिथे रिटर्न अवेटच लिहायला हवे. फॉर-इचला दिलेल्या असिंक फंक्शनचेही तसेच आहे: फॉर-इच परत आलेल्या प्रॉमिसकडे पाहतच नाही, तेव्हा साधा फॉर-ऑफ लूप घ्या.

अनहँडल्ड-रिजेक्शन या इव्हेंटवर रिकामा हँडलर लावून प्रोसेस जिवंत ठेवण्याचा जो सल्ला तुम्हाला मिळाला आहे, तो कृपया पाळू नका. त्या हँडलरचा उपयोग एररचा पूर्ण स्टॅक (ती कोणत्या फंक्शन्समधून आली त्याची यादी) लॉगमध्ये नोंदवून प्रोसेस नीट बंद करण्यापुरताच करावा.

राहता राहिला फेच, म्हणजे नेटवर्कवर विनंती पाठवणारे फंक्शन. ऑर्डर्सची सेवा 503 (सेवा सध्या उपलब्ध नाही) असे उत्तर देत असेल, तर फेचचे प्रॉमिस रिजेक्ट होतच नाही, कारण उत्तर मिळाले म्हणजे त्याच्या दृष्टीने विनंती पूर्ण झाली. नेटवर्कच तुटले तर मात्र ते रिजेक्ट होते. म्हणून रिस्पॉन्सची ओके ही प्रॉपर्टी आधी तपासा, ती फॉल्स असेल तर स्टेटस कोडसह स्वतः एरर ऑब्जेक्ट थ्रो करा आणि त्यानंतरच जेसन वाचायला घ्या.