वॉर्डात आलेल्या चॅप्लेनला ‘गरज नाही’ म्हणण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि मगच लिहायला बसलो, कारण त्यातले एक वाक्य 2016 साली जसेच्या तसे माझ्या तोंडून निघाले होते. तुम्ही लिहिले आहे की इंग्लंडमधल्या एका सरकारी रुग्णालयात तुमची आई दहा दिवसांपासून दाखल आहे, चॅप्लेन्सीचे, म्हणजे रुग्णांना मानसिक आणि धार्मिक आधार देणाऱ्या विभागाचे, ओळखपत्र लावलेल्या एक बाई विचारपूस करायला आल्या होत्या, तुम्ही त्यांना ‘आम्ही हिंदू आहोत, गरज नाही’ असे सांगून परत पाठवलेत, आणि आता आई रात्री घाबरून जागी होते, गंगाजल मागते, पण नर्स ते देऊ देत नाही. मग आता बाहेरून गुरुजी आणता येतील का, असा तुमचा प्रश्न आहे. गुरुजी आणता येतात. पण त्याआधी त्या बाईंना परत बोलवा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते का, हे सांगताना थोडे लांबण लागेल.

आधी एक खुलासा करतो. मी डॉक्टर नाही, वकील नाही आणि रुग्णालयाच्या नोकरीतही नाही. गेली काही वर्षे एका रुग्णालयाच्या चॅप्लेन्सी विभागात आठवड्यातून एक दुपार स्वयंसेवक म्हणून वॉर्डांतून फिरतो, एवढाच माझा अधिकार. प्रत्येक ट्रस्टची, म्हणजे रुग्णालये चालवणाऱ्या सरकारी संस्थेची, पद्धत निराळी असते आणि स्कॉटलंडचे नियम इंग्लंडहून वेगळे आहेत, तेव्हा माझे लिहिणे तुमच्या वॉर्डात पडताळून मगच वापरावे.

माझे वडील तासगावजवळच्या एका गावात शिक्षक होते आणि तरुणपणापासून माळकरी होते. आई गेल्यानंतर, 2009 पासून, ते आमच्याकडेच राहत. मार्च 2016 मध्ये एका सोमवारी संध्याकाळी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणे जड झाले, पण समजत सगळे होते. दुसऱ्या दिवशी एक मध्यमवयीन बाई वॉर्डात आल्या आणि आपण चॅप्लेन असल्याचे त्यांनी सांगितले. मी त्यांना पलंगापर्यंत जाऊच दिले नाही. पडद्याबाहेरच आभार मानून वाटेला लावले. चॅप्लेन म्हणजे पाद्री, आणि पाद्री आजारी माणसापाशी येतो तो धर्माचे काही सांगायलाच, हे समीकरण माझ्या डोक्यात इतके पक्के होते की वडिलांना विचारावे हे सुचलेदेखील नाही.

संध्याकाळी वडील म्हणाले, “ती बाई आलती, ती कुठं गेली?” मी म्हटले, ती ख्रिस्ती होती, तिला पाठवून दिले. त्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग तुटक शब्दांत म्हणाले, “मिरजेच्या दवाखान्यात पाद्री रोज येऊन बसायचा. जीव रमायचा. मला कुठं बाटायचं होतं? दोन शब्द बोलायचे होते.” विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात तरुणपणी वडिलांचे ऑपरेशन झाले होते, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, तिथला पाद्री त्यांच्यापाशी बसत असे, हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळले. रुग्णाच्या वतीने, रुग्णाला न विचारता, मी उत्तर देऊन मोकळा झालो होतो. तुम्हीही आईंना विचारले होते का? रागावू नका, पण हा प्रश्न मला कुणीतरी वेळेवर विचारायला हवा होता.

1948 साली ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हापासून तिच्या रुग्णालयांत चॅप्लेन आहेत. पूर्वी ते बहुतेक चर्चचे असत. आता मोठ्या रुग्णालयांच्या विभागांत मुस्लिम, ज्यू, शीख, हिंदू चॅप्लेन किंवा स्वयंसेवक आढळतात, आणि कोणताही धर्म न मानणाऱ्यांसाठी मानवतावादी कार्यकर्तेही असतात. त्यांचा पगार रुग्णालय देते आणि रुग्णावर स्वतःची श्रद्धा लादणे त्यांच्या व्यावसायिक आचारसंहितेला सोडून आहे. ते विचारतात ते इतकेच की तुम्हाला कशाने बरे वाटेल. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतो, पण त्याचा दिवस योजनांचे कागद आणि बिलातली सवलत यांतच संपतो. रुग्णाच्या मनाची ही बाजू पाहणारा पगारी माणूस आपण पाहिलेलाच नसतो, म्हणून तो समोर आला की संशय येतो. हे मी कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही, मीच त्यातला आहे.

दुसरी चूक मी दाखल करतानाच केली होती. अर्जातला धर्माचा रकाना मी ‘त्यांना काय करायचे आहे’ म्हणून रिकामा ठेवला. धर्म ही इथल्या कायद्याने विशेष संरक्षण दिलेली खाजगी माहिती असल्यामुळे ती न मागता कुणाच्या हाती पडत नाही. रकाना रिकामा असेल, तर हिंदू चॅप्लेनला किंवा स्वयंसेवकाला तुमची आई त्या वॉर्डात आहे हे सहसा कळतच नाही. तो रकाना आजच भरून घ्या. केवळ ‘हिंदू’ एवढ्यावर थांबू नका. शाकाहारी आहेत, कांदा-लसूण चालत नाही, गळ्यात माळ किंवा मंगळसूत्र आहे आणि ते काढायचे झाल्यास आधी विचारावे, हे सगळे शुश्रूषेच्या नोंदीत लिहायला सांगा.

माळेचे एवढे का सांगतो, ते ऐका. सोमवारी रात्री मानेचा स्कॅन करताना वडिलांच्या गळ्यातली तुळशीची माळ काढली गेली. ते गरजेचे असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती माळ घड्याळ आणि अंगठीसोबत एका पाकिटात गेली, पाकीट सीलबंद झाले आणि रुग्णांच्या मौल्यवान वस्तू सांभाळणाऱ्या कार्यालयात जमा झाले. मंगळवारी मी तिथे गेलो, तर रुग्णाची सही लागेल असे सांगण्यात आले. रुग्णाचा उजवा हात लुळा आहे म्हटल्यावर वॉर्डाचे पत्र आणा, असे उत्तर मिळाले. बुधवारी पत्र नेले, तर त्यावर पावतीचा क्रमांक नव्हता. गुरुवारी क्रमांकासह पत्र घेऊन पोहोचलो, तेव्हा ईस्टरच्या सुटीमुळे कार्यालय दुपारीच बंद झाले होते आणि खिडकीवर मंगळवारी उघडेल अशी चिठ्ठी होती. लाकडाच्या मण्यांची एक माळ, जिची बाजारातली किंमत दोन पौंडही होणार नाही, तिला त्या कार्यालयाने दागिन्याचे नियम लावले. गावाकडे धुळवड होती त्याच दिवशी, 24 मार्चला रात्री, वडील गेले. साठ वर्षे गळ्यातून न उतरलेली माळ शेवटच्या तीन दिवसांत त्यांच्या गळ्यात नव्हती. डावा हात ते वारंवार गळ्यापाशी नेत. नर्सला वाटे, श्वास लागतो आहे.

पुढे स्वयंसेवक झाल्यावर मी एक प्रसंग पाहिला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. एका शीख आजोबांचे कडे असेच पाकिटात गेले होते. आमच्या विभागप्रमुखांनी वॉर्डाच्या मुख्य नर्सला आणि त्या दिवशीच्या व्यवस्थापकाला एकेक फोन केला, आणि तासाभराच्या आत कडे आजोबांच्या मनगटावर परत आले. चॅप्लेन रुग्णालयाच्या आतला माणूस असतो. कोणते दार कुणाच्या सांगण्यावरून उघडते, हे त्याला ठाऊक असते. आपण बाहेरून कितीही गुरुजी आणले, तरी हे काम त्यांच्याकडून व्हायचे नाही.

आता गंगाजलाविषयी. आईंच्या पलंगावर ‘तोंडाने काही देऊ नये’ अशी पाटी असेल, तर नर्स धर्माच्या आड येत नाही, हे आधी समजून घ्या. गिळण्याची क्रिया बिघडलेली असताना चमचाभर पाणीसुद्धा श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. मी तेव्हा या गोष्टीवरून एका तरुण नर्सशी फार वाईट शब्दांत भांडलो होतो, त्याची आजही लाज वाटते. मार्ग असा असतो की तोंड ओले करण्यासाठी जे मऊ बोळे किंवा ब्रश वापरतात, ते गंगाजलात नुसते ओलसर करून ओठांना आणि जिभेच्या टोकाला लावू द्यावे, अशी विनंती गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे किंवा गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह चमूकडे करायची. त्यांनी होकार दिला की तो नोंदीत लिहून घ्यायचा, म्हणजे रात्रपाळीच्या नर्सशी नव्याने वाद होत नाही. तुळशीचे पान तोंडात ठेवण्याऐवजी उशाशी किंवा हातात ठेवता येते. निरांजन आणि उदबत्ती यांचा विषयच काढू नका, वॉर्डात ऑक्सिजन असतो; बॅटरीवरचा दिवा चालतो. हरिपाठ किंवा रामरक्षा मोबाइलवर लावायची असेल तर एकाच कानात इअरफोन घाला, कारण शेजारच्या पलंगावरचा माणूसही आजारीच आहे.

आई रात्री घाबरते, यावर मात्र गुरुजी हा उपाय आहे असे मला वाटत नाही. हे माझे मत आहे, कुणाला पटणार नाही. सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. शरीराच्या दुखण्याबरोबर मनाचे, नात्यांचे आणि श्रद्धेचे दुखणेही असते आणि ते सगळे मिळून एकच वेदना होते, अशी त्यांची मांडणी होती. वॉर्डात फिरताना मला तिचा प्रत्यय सारखा येतो. मराठी आणि गुजराती आजी-आजोबा मुलांसमोर ‘मी बरी आहे’ असेच म्हणतात. मुले खोलीबाहेर गेली की त्यांचा पहिला प्रश्न बहुधा मरणाचा नसतो. गावातल्या घराचे काय होईल, धाकट्याशी अबोला आहे तो मिटेल का, इथे गेले तर दहावा कोण करील, असे प्रश्न असतात. तुमच्या आईंना भीती वाटत असेल, तर ती त्या तुम्हाला सांगणार नाहीत, कारण तुम्हाला त्रास होऊ नये हीच त्यांची शेवटची काळजी असते. म्हणून चॅप्लेनला परत बोलवाल तेव्हा दुभाष्याचे काम तुम्ही स्वतः करू नका. रुग्णालयाकडे मराठी दुभाषी मागा, तो फोनवरूनही मिळतो, त्याचे पैसे पडत नाहीत. आणि मग तुम्ही चक्क खाली जाऊन अर्धा तास चहा घ्या. हे जड जाते. पण करा.

गुरुजींना बोलवायचेच असेल, तर तेही चॅप्लेन्सीमार्फत बोलवा, म्हणजे भेटीच्या वेळेबाहेर येण्याची परवानगी आणि जमल्यास वेगळी खोली मिळते. पंधरा नातेवाइकांसह भजन नको, आणि ओळखीतून आलेल्या कुणी पलंगापाशी उभे राहून दक्षिणेचा विषय काढला, तर त्याला तिथेच नमस्कार करा. असे एकदा घडलेले मी पाहिले आहे, म्हणून लिहितो.

शेवटची वेळ जवळ आली आहे असे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर कागदपत्रांचे आत्ताच विचारून ठेवा. आमच्या वेळी दहनासाठी दोन डॉक्टरांची स्वतंत्र प्रमाणपत्रे लागत, चार दिवसांच्या सुटीत त्यांतले एकही मिळाले नाही आणि अंत्यसंस्काराला तेरा दिवस लागले. दहावा आधी झाला आणि दहन नंतर. इंग्लंड आणि वेल्समध्ये 9 सप्टेंबर 2024 पासून पद्धत बदलली आहे. ज्या मृत्यूची चौकशी कॉरोनरकडे, म्हणजे अनैसर्गिक किंवा कारण न कळलेल्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जात नाही, असा प्रत्येक मृत्यू आता वैद्यकीय परीक्षक, म्हणजे उपचारांत नसलेला एक ज्येष्ठ डॉक्टर, तपासतो, त्याच्याकडून कागद निबंधकाकडे गेला की पाच दिवसांत नोंदणी करायची असते, आणि दहनासाठीचे डॉक्टरांचे वेगळे प्रमाणपत्र आता लागत नाही. घाई असल्यास सुटीच्या दिवशी कुणाला फोन करायचा, हे वॉर्डातच विचारा आणि क्रमांक कागदावर लिहून घ्या. स्नान घालायचे, नवे वस्त्र नेसवायचे, तर तेही आधी सांगून ठेवलेले बरे. बहुतेक नर्सेस मनापासून मदत करतात.

आजची रात्र कशी काढायची, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. मोठ्या रुग्णालयांत रात्रीसुद्धा एक चॅप्लेन फोनवर उपलब्ध असतो. वॉर्डातल्या नर्सला सांगा, किंवा रुग्णालयाच्या स्विचबोर्डला फोन करून ‘ऑन कॉल चॅप्लेन’ असे म्हणा. रुग्णाचे नाव, वॉर्ड, भाषा मराठी आणि आई घाबरली आहे, इतके सांगितले तरी पुरते. त्या परत पाठवलेल्या बाईच फोनवर आल्या तर संकोच करू नका, त्यांना याची सवय असते. मी 2017 च्या सुरुवातीला त्याच विभागात स्वयंसेवकाचा अर्ज घेऊन गेलो, तेव्हा मुलाखतीला समोर त्याच बाई होत्या. त्यांनी मला ओळखले आणि वडिलांचे नाव घेऊन, माळ मिळाली का, असे विचारले. वॉर्डातल्या नर्सकडून त्यांना ते नंतर कळले होते.