काका, नवा टीव्ही घेण्याआधी एवढं बघा

नजर कमी झाली म्हणून टीव्ही सोडू नका. पडद्यावरचं वाचून दाखवायची सोय आता बऱ्याच स्मार्ट टीव्हींत असते: सॅमसंगमध्ये व्हॉइस गाईड, अँड्रॉइडवाल्यांत टॉकबॅक. बेळगावात खडेबाजारातल्या दुकानातच ती सुरू करून ऐकवायला सांगा. "घरी येणारा माणूस करून देईल" यावर विसंबू नका. टीव्हीला जोडायची अ‍ॅमेझॉनची फायर स्टिक असेल तर रिमोटवरचं बॅक आणि मेनू बटण दोन सेकंद एकत्र दाबून धरा, ती बोलायला लागते.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, नवख्यांचा बराचसा वैताग तिथूनच सुरू होतो. टीव्ही फक्त स्वतःचा मेनू वाचतो. केबलच्या सेट-टॉप बॉक्सची यादी त्याच्यासाठी नुसतं चित्र. म्हणून चॅनेल नंबर पाठच हवेत. आपल्याकडच्या पॅकमध्ये कन्नड चॅनेल भरपूर, मराठी बहुधा सांगून घ्यावे लागतात. २०१९ पासून सुटे चॅनेल निवडता येतात, तेव्हा केबलवाल्याला हक्कानं सांगा आणि नंबरही तेव्हाच विचारून घ्या. बहुतेक रिमोटवर ५ च्या बटणावर बारीक उंचवटा असतो, त्यावरून बाकीचे आकडे सापडतात. पॉवर आणि सोर्स (टीव्हीवर बॉक्स लावायचा की स्टिक, ते बदलणारं बटण) यांवर नेलपॉलिशचा जाड थेंब वाळवा.

लाइट जाऊन आली की काही टीव्ही भलत्याच इनपुटवर उघडतात, आवाजच येत नाही. टीव्ही बिघडला असं वाटून घाबरू नका. सोर्स किती वेळा दाबल्यावर बॉक्स लागतो, ते घरच्यांकडून आधीच मोजून घ्या.