न्यू जर्सीतलं एडिसन सोडून न्यूयॉर्क राज्यातल्या पेन यानला राहायला जावं का? तिथली माणसं कशी आहेत, एकटं पडायला होतं का?

तुमच्या मिस्टरांना पेन यानला जॉब मिळतोय, मुलगी 6 वर्षांची आहे, आणि नेटवर शोधलं की नुसते तलावाचे आणि वाईनरीचे फोटो येतात, राहणारी माणसं कोण ते काही कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आम्हालाही 7 वर्षांपूर्वी येताना अगदी हाच प्रश्न होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी माझं मत सांगून टाकते: या, पण घर तलावाकाठी घेऊ नका, चार-पाच मैल आत शेतांमध्ये घ्या.

पेन यान ज्या येट्स काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) येतं, ती अख्खी मिळून 25 हजाराच्या आसपास माणसं. आपल्याकडे एखाद्या मोठ्या गावाची असते तेवढी. पूर्वेला सेनेका लेक, मध्ये क्युका लेक, हा इंग्रजी वाय अक्षरासारखा दोन फाटे फुटलेला आहे आणि पूर्वी त्याला क्रुकेड लेक म्हणजे वाकडा तलावच म्हणायचे. पेन यान हे गाव त्याच्या पूर्वेकडच्या फाट्याच्या टोकाला आहे. नाव विचित्र वाटतं ना, ते पेनसिल्व्हेनियाहून आलेले आणि न्यू इंग्लंडहून आलेले यँकी अशा दोन्ही लोकांचं मिळून केलंय, पेन आणि यान. म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेली माणसं एकत्र राहणं ही इथली सुरुवातच आहे. त्याच्याही आधी ही सगळी सेनेका या मूळ अमेरिकन जमातीची जमीन, 1779 साली वॉशिंग्टनच्या सैन्याने या भागातली त्यांची गावं आणि उभी पिकं जाळली, सेनेका लेकला नाव मात्र त्यांचं राहिलं.

तलावाकाठी घर का नको, तर काठावरची बरीचशी घरं उन्हाळ्यापुरती असतात. जूनमध्ये बोटी, पाहुणे, सगळीकडे गर्दी, आणि लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाला की एकेक घर बंद व्हायला लागतं. डिसेंबरमध्ये साडेचारलाच अंधार पडतो, तेव्हा आजूबाजूला एकाही खिडकीत दिवा नाही अशा ठिकाणी लहान मुलीला घेऊन राहणं जड जातं. आम्ही पहिलं वर्ष तसंच काढलं, व्ह्यू इतका सुंदर आणि बोलायला कोणी नाही, मी रोज आईला फोन करून रडायचे. मग आत शेतांकडे भाड्याने घर घेतलं आणि सगळं बदललं.

कारण आत राहतात ते मेनोनाइट, म्हणजे जुन्या पद्धतीने साधं राहणारे एका ख्रिश्चन पंथाचे लोक. आमिश हा तसाच दुसरा पंथ, लोक यांना आमिश समजतात पण हे वेगळे. 1970 च्या दशकात पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरकडे जमिनी फार महाग झाल्या आणि इथले डेअरीवाले शेती सोडत होते, जमीन स्वस्त होती, तेव्हा ते यायला लागले, आता शेकडो कुटुंबं आहेत. बंद पडत चाललेल्या गोठ्यांमध्ये परत गाई आल्या त्या यांच्यामुळे, हे इथले जुने शेतकरीसुद्धा मान्य करतात. घरात वीज असते, फोन असतो, पण कार नाही, टीव्ही नाही. घोड्याची काळी बग्गी नाहीतर सायकल. ट्रॅक्टर वापरतात पण त्याची चाकं लोखंडी ठेवतात, रबरी टायर लावला तर उद्या तोच ट्रॅक्टर गाडीसारखा गावात फिरवायला लागतील म्हणून! घरी आपसात पेनसिल्व्हेनिया डच बोलतात, आपल्याशी इंग्लिश. मुलांच्या शाळा त्यांच्या स्वतःच्या, त्यामुळे तुमच्या मुलीच्या वर्गात ती मुलं नसतील, पण शेजारी खेळायला नक्की भेटतील.

दुसऱ्या हिवाळ्यात माझी कार बर्फावरून घसरून रस्त्याकडेच्या चरात गेली, फोनला रेंज नाही, आणि शेजारचे मेनोनाइट काका त्याच लोखंडी चाकांच्या ट्रॅक्टरने येऊन गाडी ओढून बाहेर काढून गेले. पैसे काही केल्या घेईनात. मग उन्हाळ्यात मी त्यांना मेथीचं बी नेऊन दिलं, त्यांनी टोमॅटोच्या शेजारी दोन ओळी लावल्या, आणि अशी मेथी आली की मी भाजी करून, पराठे करून, वाळवून ठेवली तरी संपेना. त्यांचा बाकीचा माल पेन यानजवळच्या लिलावाच्या मार्केटला जातो. घराघरापुढे टेबल मांडून अंडी, मका, भोपळे ठेवलेले असतात, शेजारी पैशाचा डबा, माणूस कोणी नाही, आपण मोजून घ्यायचं आणि पैसे टाकायचे. रविवारी विक्री बंद. बग्गीमागे गाडी हळू चालवायची, हॉर्न वाजवायचा नाही, घोडा बुजतो, एवढं मात्र पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा.

द्राक्षांचंही सांगते कारण फोटोत फक्त ग्लास दिसतो. सेनेका लेक 600 फुटांहून जास्त खोल आहे, एवढं पाणी उन्हाळ्यात तापलं की हिवाळ्यात सहसा गोठत नाही, शरदात उतारावरची हवा जरा ऊबदार ठेवतं आणि वसंतात थंड ठेवतं, मग कोंब उशिरा फुटतात आणि उशिराच्या हिमातून वाचतात. म्हणून बागा काठच्या उतारावरच आहेत. 1976 साली राज्याने छोट्या शेतकऱ्यांना स्वतःची वाईन थेट विकायची सोय करणारा कायदा केला त्यानंतर एवढ्या वाईनरी झाल्या. आमच्या नाशिकच्या काकांना (त्यांची स्वतःची बाग आहे) हे सगळं दाखवलं तर ते तासभर ओळींमधून हिंडत छाटणीच बघत होते.

गावात बर्केट मिल आहे, 1797 पासूनची, बकव्हीट दळते, म्हणजे उत्तरेकडे उपासाला खातात ते कुट्टू. 1987 मध्ये त्यांनी 28 फुटांचा पॅनकेक केला होता, तो तवा गावात भिंतीवर लावलाय, मुलीला दाखवा. त्या पिठात ताक आणि मिरची घालून घावन फार छान होतात.

आणि विचारांच्या बाबतीत इथे नेहमीच सगळ्या टोकांची माणसं राहिलीत. 1776 साली आजारातून उठल्यावर ‘मी आता स्त्रीही नाही पुरुषही नाही, देवाचा दूत आहे’ म्हणणारे ‘पब्लिक युनिव्हर्सल फ्रेंड’ असं नाव घेतलेले धर्मोपदेशक आपले अनुयायी घेऊन इथेच वसले, आणि धर्मावर जाहीर टीका करणारा प्रसिद्ध वक्ता इंगरसॉल 1833 साली इथल्याच ड्रेस्डेन गावात जन्मला. आम्हाला 7 वर्षांत ‘तुम्ही इथे कशाला आलात’ असं कोणी विचारलं नाही, ‘कुठून आलात’ मात्र सगळे विचारतात आणि मग नीट ऐकूनही घेतात.

ओळखी व्हायच्या तर फायर डिपार्टमेंटच्या चिकन बार्बेक्यूला जा. इथे आग विझवणारे बहुतेक गावातलेच व्हॉलंटियर असतात, त्यांच्या कामाला पैसे जमावेत म्हणून हे चिकन विकतात, सगळं गाव येतं, नॉनव्हेज खात नसाल तरी जा. पेन यान ते ड्रेस्डेन अशी 7 मैलांची ओढ्याकाठची पायवाट आहे, आधी तिथे कालवा होता, मग रेल्वे, ती 1972 च्या अ‍ॅग्नेस वादळात वाहून गेली आणि आता गावकरीच ती वाट सांभाळतात. मला माझ्या दोन्ही जवळच्या मैत्रिणी तिथेच भेटल्या.

इंडियन ग्रोसरी आणि देऊळ रॉचेस्टरला, साधारण तासाभरावर, आम्ही महिन्यातून एकदा जातो. स्पेशालिस्ट डॉक्टरसाठी पण तिकडेच, हे धरूनच चाला.

घर बघायला शक्यतो फेब्रुवारीत या. विहिरीचं पाणी टेस्ट केलंय का, इंटरनेट घरापर्यंत येतं का आणि बर्फ कोण काढतं हे विचारा, आणि निघायच्या आधी शेजारच्या दोन घरांत जाऊन बोला. तारीख ठरली की इथेच कमेंटमध्ये कळवा, जेवायला आमच्याकडे या, वाळवलेली मेथी अजून आहे.