तुलि, तूलि, तुल्लि: फिनिश अक्षरं देवनागरीत लिहून घ्यावीत का?

ताई, तुमचा प्रश्न असा की मिस्टरांना फिनलंडमधल्या एस्पो शहरात नोकरी लागलीये, तुम्ही दिवाळीनंतर जाणार, तोवर फिनिश मुळाक्षरं तरी शिकून घ्यावीत, तर ती कुणी उच्चारासकट देवनागरीत लिहून देईल का आणि ते टिंबवाले ए आणि ओ नक्की कसे म्हणायचे. टिंबांचं सांगते, पण देवनागरीत लिहून घेण्याबद्दल माझं मत विचाराल तर घेऊ नका, निदान पहिले दोन महिने तरी नाही. का ते खाली येईलच, आणि गंमत अशी की ते समजावायला मलाच देवनागरी वापरावी लागणारे, तेव्हा इथे लिहिलेले उच्चार अंदाजे धरा आणि खरे कानाने ऐका.

अक्षरं एकूण 29. इंग्रजीची 26, आणि झेडनंतर तीन जास्तीची: डोक्यावर गोल असलेला ए, दोन टिंबांचा ए आणि दोन टिंबांचा ओ. गोलवाल्याची काळजी सोडा, त्याला फिनिश लोक स्वतःच 'स्वीडिश ओ' म्हणतात, तो तिथल्या स्वीडिश नावांपुरता. बी, सी, एफ, क्यू, डब्ल्यू, एक्स, झेड हेही पाहुणे, परक्या शब्दांसोबत आलेले. उरली एकवीस, ती एका संध्याकाळी होतात. फक्त ती दोन टिंबं म्हणजे आपल्या जुन्या पुस्तकातले अनुच्चारित अनुस्वार नव्हेत की गाळली तरी चाललं. टिंबवाला ए हे वेगळंच अक्षर आहे, डिक्शनरीतही झेडच्या पलीकडे. आईला फिनिशमध्ये 'ॲइति' म्हणतात, तो शब्द शोधायला थेट शेवटची पानं उघडावी लागतात.

तर टिंबवाला ए म्हणजे आपला बॅटमधला ॲ, जरा तोंड उघडून. साधा ए म्हणजे आ. टिंबवाला ओ आपल्याकडे नाही, तोंडात 'ए' म्हणत राहायचं आणि ओठ मात्र 'ओ'सारखे गोल करायचे, आरशासमोर उभं राहून केलं की पाच मिनिटात जमतं (घरचे हसतील, हसू द्या). तसंच वायचं अक्षर, ते य नाहीच, तो स्वर आहे, जीभ 'ई'वर आणि ओठ 'ऊ'वर. मग य कुठे गेला? तो जे या अक्षरात. म्हणून जोग आडनावाचा माणूस तिथे पहिल्याच दिवशी योग होतो, आणि जोशींचं 'योस्-हि' होतं कारण एस आणि एच शेजारी आले म्हणून श होत नाही, दोघं आपापला आवाज राखून असतात.

व्यंजनांच्या बाबतीत आपण मराठी लोक भाग्यवान. के, पी, टी यांत हवा सोडायची नाही, म्हणजे सरळ क, प, त. इंग्रजी बोलणाऱ्यांची तोंडं आपोआप ख, फ, ठकडे झुकतात, त्यांना हे मुद्दाम शिकावं लागतं, आपल्याला बाराखडीतच मिळालंय. टी म्हणजे ट नाही हं, त. इंग्रजी शाळेची सवय इथे घात करते. र खणखणीत, व अगदी आपला व. एस एकच असल्यामुळे तो स आणि श यांच्या मधे कुठेतरी लागतो, त्याचं टेन्शन घेऊ नका. एच मात्र शब्दाच्या मधे आला की अडतो: लाह्ति नावाचं शहर आहे, तारा म्हणजे 'तॅह्ति', यातला ह् खरंच ऐकू यायला हवा. आपण ब्रह्म लिहितो आणि ब्रम्ह म्हणतो ना, ती सवय तिथे चालत नाही.

आता मूळ मुद्दा. फिनिशमध्ये आवाज लांब असेल तर अक्षर दोनदा लिहितात, आखूड असेल तर एकदा, स्वर असो की व्यंजन. तुलि म्हणजे आग, यू दोनदा लिहिला की तूलि म्हणजे वारा, एल दोनदा लिहिला की तुल्लि म्हणजे कस्टम्स. जोडव्यंजनाचा फरक आपल्याला कळतो, मका आणि मक्का यात कुणी गोंधळत नाही. घोळ स्वरांचा आहे. आपण र्‍हस्व-दीर्घ शाळेत मार्कांसाठी शिकलो, बोलताना 'दिन' आणि 'दीन' यात किती जण फरक करतात सांगा बरं. त्यात आपला शुद्धलेखनाचा नियम की शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, त्यामुळे तुम्ही वहीत तुलि लिहायला जाल आणि हात आपोआप 'तुली' लिहील. म्हणजे लिहिताक्षणीच चूक.

आणि हे इ-उ तरी बरे, त्यांना निदान दोन दोन चिन्हं आहेत. आ, ए, ओ, ॲ यांची लांबी दाखवायला देवनागरीत सोयच नाही. 'भेटते' याला फिनिशमध्ये तापान, त्यात दुसरा आ लांब, दोन ए. 'ठार मारते' यालाही तापान, तिथे तो आ आखूड, एकच ए. देवनागरीत दोन्ही डिट्टो सारखे दिसतात! आता नव्या शेजारणीला तुम्हाला सांगायचंय की उद्या भेटते हं, आणि वहीत बघून वाचलंत तर काय म्हणाल याचा भरवसा नाही. आखूड आ म्हणजे आपला अ असंही समजू नका, तो आवाज वेगळा, त्यांचा आखूड आ हा आपला आच, फक्त पटकन सोडून दिलेला.

माझं स्वतःचं सांगते. टाम्पेरेला असताना बाजारात शेपू दिसला, तिकडे नव्या बटाट्यांवर आणि माशावर भरपूर घालतात, मला भाजी करायची होती. शेपूला म्हणतात तिल्लि. मी वहीत देवनागरीत 'तीली' लिहून ठेवलं होतं, जोडाक्षर कुठे गळलं देव जाणे. काउंटरवरच्या आजीबाईंना मोठ्या आत्मविश्वासाने विचारलं, आहे का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा थांबल्या, आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, रौताकौप्पा. म्हणजे हार्डवेअरचं दुकान. तीलि म्हणजे वीट! मी बोट दाखवलं तेव्हा कुठे त्या हसल्या, मग मला तीनदा म्हणायला लावलं, ति-ल्लि, प्रत्येक वेळी ल वर हात आडवा धरून, थांब इथे अशी खूण करत. तो हात मला कुठल्याही ॲपपेक्षा जास्त शिकवून गेला.

तेव्हा पाठ करायचं तर मात्रा मोजून करा. शाळेत वृत्तांसाठी लघु-गुरू केलंय ना, तेच, फक्त इथे हाताने ताल धरायचा. तुलि दोन मात्रा. तूलि तीन. तुल्लि पण तीनच, पण एकात उ ताणायचा आणि दुसऱ्यात ल वर अडून राहायचं. आणि जोर कायम पहिल्या अक्षरावर, शब्द कितीही लांबलचक असो. जोर पहिल्यावर आहे म्हणून पहिला स्वर लांबवायचा मोह होतो, तो टाळायचा. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायला मला वर्ष लागलं.

'लिहितात तसंच बोलतात' असं तुम्हाला सगळे सांगतील, ते बरंचसं खरं आहे पण पूर्ण नाही. एन आणि जी शेजारी आले की ग ऐकूच येत नाही, लांब ङ येतो. हेल्सिंकी आपल्याला ठाऊक आहे, पण 'हेल्सिंकीचा' म्हणताना के जाऊन जी येतो आणि उच्चार होतो 'हेल्सिङ्ङिन'. (आपल्याकडे मूल-मुलाला, चूल-चुलीत होतं ना, तसं त्यांचं सामान्यरूप व्यंजन मऊ करतं. आत्ता नको, पुढे येईल.)

आणि हे नियम पहिल्यापासून इतके नीट नव्हते. पहिलं छापील फिनिश पुस्तक 1543 च्या सुमाराचं, मिकाएल अग्रिकोलाचं, आणि ते पुस्तक म्हणजे चक्क अंकलिपीच! पण त्यात लांब स्वर कधी दोनदा कधी एकदाच, एका आवाजाला दोन-तीन स्पेलिंगं. आजची शिस्त नंतर बसली. अंकलिपीला आज 'आपिनेन' म्हणतात, तिच्यावर कोंबड्याचं चित्र असायची जुनी पद्धत आहे. मुलं बरोबर नेणार असाल तर तिथल्या लायब्ररीतून तीच घ्या, मोठ्यांनाही चालते.

अक्षरांची नावं मात्र जायच्या आधी घोटून ठेवा, कारण प्रत्येक काउंटरवर नावाचं स्पेलिंग सांगावं लागतं आणि तिथेच आपण फसतो. आपण सवयीने 'ई' म्हणतो आणि समोरचा आय लिहितो, कारण त्यांच्याकडे आयचं नाव ई आहे, इचं नाव ए आणि एचं नाव आ. काळे आडनाव असेल तर को, आ, ॲल, ए. कुलकर्णी असेल तर को, ऊ, ॲल, को, आ, ॲर, ॲन, ई.

सरावाला साहित्य इथेच आहे. लिफ्टमध्ये 'कोन' कंपनीचं नाव बघता ना, ते कोन नाही, 'को-ने', म्हणजे मशीन, दोन्ही स्वर आखूड. सॉना नाही, 'साउना'. आणि नोकिया हे मुळात टाम्पेरेजवळच्या गावाचं नाव, जोर 'नो'वर, शेवटचे इ आणि आ सुटे सुटे, मधे य नाही. रोज लिफ्टमधून उतरताना एकदा को-ने म्हणा, आणि शेपू आणाल तेव्हा ल वर थांबा.